कच्ची वही, पक्की खतावणी

आपल्यापैकी पुष्कळ घरांत एकजण तरी ‘सॉफ्टवेअरमध्ये’ असतो. पण तो नेमके काय करतो, हे घरच्यांना सांगता येत नाही. माझे काम लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेल्या या कर्नलच्या इतिहासातले एक छोटेसे प्रकरण इथे सांगतो.

कर्नलमध्ये हजारो फंक्शन्स असतात आणि ती सेकंदाला लाखो वेळा एकमेकांना हाक मारतात. बिघाड शोधायचा, तर कोणी कोणाला हाक मारली याचा माग काढावा लागतो. जुना उपाय सोपा होता: जागोजागी ‘प्रिंटके’ घालायचे आणि सीरियल केबलवरून ओळी वाचायच्या. पण १,१५,२०० बॉडच्या केबलवरून सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरे जातात. म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला सात मिलिसेकंद! फंक्शन मात्र बहुधा काही मायक्रोसेकंदांतच आटोपते. घोड्यापेक्षा नाल जड, अशी गत. वेळेचा मेळ चुकल्याने होणारा बिघाड तर छापायला लागले की चक्क गायब होतो. असे बिघाड मी स्वतः पाहिले आहेत.

आपल्याकडचा किराणा दुकानदार गर्दीच्या वेळी काय करतो? कच्च्या वहीत दोन आकडे टिपतो आणि दुकान बंद झाल्यावर निवांतपणे खतावणी लिहितो. कर्नलवाल्यांनी हेच केले.

इंगो मोलनार आणि स्टीव्हन रोस्टेट ही मंडळी लिनक्सला ‘रिअल-टाइम’ करण्याच्या खटपटीत होती. तिथे मायक्रोसेकंदांचा हिशेब, त्यामुळे नोंद स्वस्तात होणे भाग होते. त्या कामातून ‘एफट्रेस’ जन्मले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीत दाखल झाले. पाठोपाठ २.६.२८ मध्ये नवा रिंग बफर आला. प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र वही, म्हणजे कोणी कोणासाठी खोळंबायला नको. नोंद सांकेतिक आकड्यांत होते. वाचणारा मागेल तेव्हाच तिची वाक्ये बनतात. वही भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. रोस्टेट यांच्या २००९ सालच्या अंदाजाप्रमाणे अशा नोंदीला मायक्रोसेकंदाचा सुमारे दहावा भाग लागे. शिवाय फिल्टर लावला की हव्या त्याच फंक्शन्सची नोंद होते.

यापुढची पायरी सन कंपनीच्या ‘डीट्रेस’ने २००५ साली सोलारिस १० मध्ये आधीच दाखवली होती: प्रत्येक घटना लिहूच नका, जागच्या जागी मोजा आणि शेवटी फक्त बेरीज सांगा. लिनक्समध्ये २०१६ सालच्या ४.७ आवृत्तीपासून एफट्रेसलाही अशी मोजणी जमू लागली.

या सुधारणांमुळे चालू यंत्र न थांबवता त्याची नाडी तपासता येऊ लागली. वैद्याने नाडी इतक्या हलक्या हाताने धरावी की तिचा ठेका बदलू नये. आमच्या धंद्याला ही साधी गोष्ट साधायला बरीच वर्षे लागली.