रोमचा खुर्दा आणि टांकसाळीतले कामगार

विहाराच्या स्मरणिकेत रोमच्या नाण्यांवर लेख कशाला, असे काही बांधव विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि राजवाडे एवढेच आपल्यापुढे वाढले जाते. पण ज्या पैशाने मजुराने पोटाची खळगी भरली तो पैसा हातात घेतला की इतिहास वेगळं बोलू लागतो. सोन्याचं नाणं धनिकाच्या पेटीत राहिलं. तांब्या-काशाचं नाणं हमालाच्या, सैनिकाच्या, पाथरवटाच्या हातात झिजलं. बाबासाहेबांनी लंडनला डी.एस्सी.साठी रुपयाचाच प्रश्न घेतला होता, आणि तो ग्रंथ १९२३ साली निघाला. तेव्हा पैसा हा आपला विषय नव्हे, असं कोणी म्हणू नये.

ऑगस्टस बादशहाने इ.स.पूर्व २३ च्या सुमारास रोमच्या खुर्द्याची घडी बसवली. तांब्याचं नाणं 'अस', दोन असांचा पितळी 'डुपोंडियस', चार असांचा पितळी 'सेस्टर्शियस'. चार सेस्टर्शियस म्हणजे चांदीचा एक 'डिनारियस', आणि २५ डिनारियसची एक सोन्याची मोहोर. सेस्टर्शियस चांगला २५ ग्रॅमच्या आसपास भरे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एका गुत्त्याच्या भिंतीवर दरच लिहिलेला सापडला आहे : एका असला साधी, दोनला बरी, चारला उंची. दारूचं सोडा, पण एका नाण्याची किंमत काय होती हे त्या भिंतीनं सांगितलं, जे दरबारी लेखकांनी सांगितलं नाही.

हे नाणं ओळखायचं कसं? आधी धातूचा रंग, वजन आणि रुंदी. मग डोकं. नीरो बादशहापासून पुढे बहुधा असा नियम दिसतो की डोक्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असला तर डुपोंडियस, पानांची माळ असली तर अस. दोन्ही आकाराने जवळजवळ सारखे, म्हणून नवखा माणूस इथेच फसतो. कडेने बादशहाचं नाव आणि पदव्या फिरतात. 'यू' अक्षराच्या जागी 'व्ही' कोरलेला असतो, ते ध्यानात ठेवावं. मागच्या बाजूला 'एस सी' ही दोन अक्षरं ठळक दिसली तर अर्थ 'सेनेटच्या ठरावाने'. नंतरच्या काळातल्या नाण्यांवर अगदी तळाशी टांकसाळीची खूण येते : 'टीआर' म्हणजे ट्रिअर, 'एएनटी' म्हणजे अँटिऑक, 'एएलई' म्हणजे अलेक्झांड्रिया. नाव झिजून गेलं तरी एवढ्या खुणेवर गाव सापडतं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम पाडलं. पुढच्याच वर्षी वेस्पासियन बादशहाच्या सेस्टर्शियसवर चित्र आलं : खजुराचं झाड आणि त्याखाली बसून रडणारी बाई. भोवती अक्षरं, ज्युडिया जिंकली. हरलेल्या लोकांचा अपमान असा बाजारात हातोहात फिरवला गेला.

ही नाणी पाडणारे कोण? टांकसाळीत बादशहाचे गुलाम आणि गुलामीतून सुटलेली माणसं राबत. एक ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर चकती, चकतीवर दुसरा ठसा, आणि वरून हातोडा. कित्येक नाण्यांवर छाप एका बाजूला सरकलेली असते. जमा करणारे तिला खोट म्हणतात. आम्ही यंत्रावर जन्म घालवलेली माणसं, आम्हाला तिथे थकलेला हात दिसतो.

तिसऱ्या शतकात राज्याला सैन्याचा खर्च झेपेना, म्हणून चांदीच्या नाण्यात तांबं वाढवत नेलं. क्लॉडियस दुसरा (२६८ ते २७०) याच्या वेळी चांदी शेकड्याला दोन-तीन भागच उरली. चांदीचं म्हणून जे नाणं दिलं जाई ते उघड तांबंच होतं. आणि २७१ च्या सुमारास खुद्द रोममध्ये टांकसाळीच्या कामगारांनी बंड केलं. खजिन्याचा अधिकारी फेलिसिसिमस त्यांचा पुढारी होता. सीलियन टेकडीवर लढाई झाली. ऑरेलियन बादशहाचे ७००० सैनिक पडले असं जुने लेखक सांगतात. आकडा फुगवलेला असेल. तेच लेखक म्हणतात की कामगारांनी नाण्यात लबाडी केली होती आणि शिक्षेच्या भीतीने ते उठले. असेलही. पण नाण्यातली चांदी कमी करण्याचा हुकूम काही हातोडीवाल्याने काढला नव्हता! कामगारांच्या बाजूची एक ओळही शिल्लक नाही.

पुढे डायोक्लेशियनने २९४ च्या सुमारास १० ग्रॅमचं नवं मोठं नाणं काढलं. महागाई तरी थांबेना. ३०१ मध्ये त्याने भाव बांधून दिले आणि मजुरीही बांधली : शेतमजुराला दिवसाला जेवण आणि २५ डिनारियस, त्याहून जास्त नाही. कॉन्स्टंटाइन ३३७ मध्ये वारला तोवर ते नाणं दोन ग्रॅमच्याही खाली आलं होतं. ३३० च्या नाण्यावर दोन सैनिक आणि मधे दोन निशाणं आहेत. ३३५ च्या सुमारास नाणं आणखी हलकं झालं आणि निशाण एकच राहिलं. साल ठरवायला ही खूण फार उपयोगी पडते.

असलाच चौथ्या-पाचव्या शतकातला बारीक खुर्दा तामिळनाडूत करूर-मदुराईकडे आणि सिंहलद्वीपात हजारोंनी सापडला आहे. सिंहली लोकांनी तर त्याच्या हुबेहूब नकला पाडून वापरल्या. आपल्याकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या १९४४-४५ च्या उत्खननात रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती निघाली. ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, मुलांना घेऊन जाऊन दाखवावी.

इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ २०१० साली एका माणसाला शेतात मडकं लागलं. त्याने ते उपसलं नाही, हात थांबवला आणि पुराणवस्तूवाल्यांना बोलावलं. आत ५२,५०३ नाणी निघाली, आणि ती थराथराने मोजता आली. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे : जमिनीत पुरलेला दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. पायाचं खोदकाम करणारे आपलेच लोक असतात. जुनं नाणं निघालं तर आधी जागा लिहून ठेवावी, आणि आयाबहिणींनी ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. वरचा हिरवा थर निघाला की अक्षरंही त्याच्याबरोबर जातात. पोपटी भुकटी सुटायला लागली असेल तर ते नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवावं.