फुकट अँटिव्हायरसची कुळकथा

व्हिएन्ना नावाचा व्हायरस गाठलेल्या प्रत्येक फाइलवर एक खूण ठेवत असे. फाइल शेवटची कधी बदलली याची तारीख आणि वेळ डॉस नोंदवून ठेवी. त्या वेळेतल्या सेकंदांच्या जागी व्हिएन्ना ६२ लिहून जाई. ६२ सेकंद कुठल्याच घड्याळात होत नाहीत. पण डॉसने सेकंदांसाठी पाच बिट राखले होते आणि मोजणी दोन-दोन सेकंदांनी होती, त्यामुळे ६२ चा आकडा तिथे बरोबर मावे. डिरेक्टरीच्या यादीत सेकंद दिसतच नसत, म्हणून माणसाच्या नजरेस काही पडत नसे. व्हायरसला मात्र ही फाइल आपण आधीच बाधित केली आहे, हे त्यावरून कळे. '.कॉम' प्रकारची बाधित फाइल ६४८ बाइटांनी फुगे. साधारण आठांतली एक फाइल तो बाधित करण्याऐवजी मोडूनच टाकी आणि ती चालवली की संगणक नव्याने सुरू होई. १९८८ मध्ये हा व्हायरस असलेली फ्लॉपी प्रागमधल्या गणितयंत्र संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पावेल बाउदिश यांच्या हाती लागली. त्यांनी तो उलगडून पाहिला आणि काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला. सहकारी एदुआर्द कुचेरा यांच्याबरोबर त्यांनी अल्विल नावाची सहकारी संस्था काढली. पुढे कोट्यवधी घरांत फुकट पोहोचलेल्या अवास्टचा उगम या एका फ्लॉपीत आहे.

घरगुती वापरासाठी फुकट मिळणाऱ्या अँटिव्हायरसबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. काहींच्या मते हे भल्या माणसांचे दान आहे, तर काहींच्या मते महागडी आवृत्ती गळ्यात मारण्यासाठी लावलेला गळ. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण मूळ कारण वेगळे आहे. या औषधाला आजाराचा नमुना लागतो आणि नमुना ज्याला लागण झाली त्याच्याकडेच असतो. हाफकिन संस्थेत सर्पदंशावरचे औषध करायला नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाचे विष लागते, तसेच हे. घरातला वापरणारा पैसे देत नव्हता तेव्हाही नमुना देतच होता, आणि हा व्यवहार सरळ होता. निर्मात्यांनी नमुन्याऐवजी भलतेच काही न्यायला सुरुवात केली, तिथे हे कूळ बिघडले.

नमुन्याची गरज का पडते, याचे उत्तर गणितात आहे. आर्पानेटवर १९७१ च्या सुमारास बॉब थॉमस यांचा 'क्रीपर' हा प्रयोगादाखल लिहिलेला प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फिरू लागला आणि त्याला शोधून पुसणारा 'रीपर' रे टॉमलिन्सन यांनी लिहिला. तिथे एकच उपद्रव होता आणि तो कसा लिहिला आहे हे सर्वांना ठाऊक होते. खरा प्रश्न फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधात मांडला : कुठलाही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही, हे अचूक सांगणारे साधन लिहिता येईल का? त्यांची सिद्धता थोडक्यात अशी. समजा, असे साधन आहे. आता असा प्रोग्राम लिहायचा, जो आधी त्या साधनाला स्वतःबद्दलच विचारतो. साधन म्हणाले 'हा व्हायरस आहे', तर तो काहीच न करता थांबतो. म्हणाले 'नाही', तर पसरू लागतो. दोन्हीकडून साधन खोटे ठरते. म्हणून सर्वज्ञ अँटिव्हायरस कधीच होणार नाही. हाती उरते ती सापडलेल्या व्हायरसांच्या खुणांची यादी आणि संशयास्पद वागणुकीवरून बांधलेला अंदाज. यादी रोज वाढवावी लागते, अंदाज रोज तपासून घ्यावा लागतो आणि दोन्हींसाठी जगभरातून ताजा माल येत राहावा लागतो.

फ्लॉपीच्या काळात हा माल हातोहात येई. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूख अल्वी या भावांनी १९८६ मध्ये सोडलेल्या 'ब्रेन'मध्ये तर त्यांचा पत्ता आणि फोन नंबरही होते. बाधित फ्लॉपीचा बूट सेक्टर कुणी वाचायला गेले, की ब्रेन मूळचा, निरोगी सेक्टर काढून दाखवी. म्हणजे प्रत्यक्ष बाधित फ्लॉपी हाती घेऊन, व्हायरस मेमरीत येऊ न देता ती तपासल्याशिवाय काही कळणे शक्य नव्हते. १९९० मध्ये भारतात 'जोशी' सापडला. ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करायला सांगे. तेवढे टाइप केले की काम पुढे सुरू होई. असे संगणक घेऊन लोक जात कुठे? दुरुस्तीच्या दुकानात. पुण्यात कैलाश काटकर यांचा दुरुस्तीचाच व्यवसाय होता. तिथे येणाऱ्या संगणकांतल्या व्हायरसांवर त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी उतारे लिहिले आणि त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील उभे राहिले. ते विकतचे उत्पादन होते, फुकटचे नव्हे. पण ते पुण्यात का जन्मले याचे उत्तर माझ्या मते तेच आहे : बाधित यंत्रे दारात येत होती.

नमुने नुसत्या सद्भावनेवर किती काळ हाताळता येतात, याचा दाखला 'डिसइन्फेक्टंट' देतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन नॉर्स्टॅड यांनी १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी हे साधन लिहिले आणि कायम फुकट ठेवले. नवा व्हायरस सापडला की जगभरातले जाणकार आपसांत नमुना तपासत आणि नॉर्स्टॅड नवी आवृत्ती काढत. या कुळातले हे सर्वांत निर्मळ उदाहरण. पण १९९५ पासून वर्डच्या दस्तऐवजांतून फिरणारे मॅक्रो व्हायरस आले. ते लिहायला सोपे आणि बदलायला त्याहून सोपे, त्यामुळे यादी कुणा एकाच्या आटोक्यात राहिली नाही. मे १९९८ मध्ये नॉर्स्टॅड यांनी डिसइन्फेक्टंट निवृत्त केले आणि लोकांना दुसरी साधने वापरायला सांगितले. त्यांच्या प्रामाणिकपणाला मी दाद देतो, आणि त्यातून निघणारा निष्कर्षही टाळता येत नाही. यादी अखंड ताजी ठेवणे हे पगारी माणसांचे काम आहे, तेव्हा फुकट साधनामागे कुठून तरी पैसा यावाच लागतो.

तो कुठून आणायचा याचे एक उत्तर जॉन मॅकाफी यांनी १९८७ पासूनच दिले होते : प्रोग्राम बुलेटिन बोर्डांवरून सगळ्यांना घेऊ द्यायचा आणि परवान्याचे पैसे कंपन्यांकडून वसूल करायचे. अल्विलने २००१ मध्ये अडचणीच्या काळात हाच मार्ग घरगुती ग्राहकांपुरता पूर्णत्वाला नेला. ई-मेल पत्ता देऊन नोंदणी करा आणि घरी अवास्ट फुकट वापरा. कचेरीत वापराल तर पैसे मोजा. त्याच सुमारास ब्र्नो शहरातल्या ग्रिसॉफ्टचे एव्हीजीही घरांसाठी फुकट झाले होते. अवास्टचे वापरकर्ते २००४ मध्ये दहा लाखांवर आणि २००६ मध्ये दोन कोटींवर गेले. हा तर निव्वळ विक्रीचा डावपेच, यात नमुन्यांचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. डावपेच होताच, छोट्या चेक कंपनीला अमेरिकी कंपन्यांच्या जाहिरातखर्चाशी टक्कर देता येत नव्हती. पण डाव टिकला तो मालाच्या दर्जामुळे, आणि दर्जा वापरणाऱ्यांच्या संख्येमुळे वाढला. दोन कोटी घरांतले संगणक म्हणजे दोन कोटी ठिकाणी बसवलेले पहारे. पुढे संशयास्पद फाइलींची माहिती या घरांतून आपोआप कंपनीकडे जाऊ लागली आणि तिच्यातून निघालेला उतारा त्याच घरांत परत येऊ लागला. लागण झालेली फाइल दिली, उतारा घेतला. फसवणूक असलीच तर ती 'फुकट' या शब्दापुरती.

संगणक 'साफ' ठेवणाऱ्या साधनांचे कूळ मात्र वेगळे आहे, आणि दोन्हींची सरमिसळ झाल्याने वाचकाचे नुकसान होते. यातल्या एका शाखेचे कौतुकच करावे लागेल. आपल्या यंत्रावर ऑरिएट कंपनीचा जाहिरातींचा छुपा प्रोग्राम सापडल्यावर स्टीव्ह गिब्सन यांनी २००० मध्ये 'ऑप्टआउट' लिहून फुकट दिले. पॅट्रिक कोला यांचे 'स्पायबॉट' देणग्यांवर चालले. हे सारे चोरून पाहणाऱ्यांविरुद्ध होते आणि त्यांनाही नमुने लागत. पण कचरा काढणारे, रजिस्ट्री 'दुरुस्त' करणारे प्रोग्राम घ्या. तुमच्या टेम्पररी फाइली आणि जुन्या नोंदी यांत निर्मात्याला उपयोगी असे काहीच नसते. म्हणून तो कमाई दुसरीकडून करतो : बरोबर टूलबार घुसवतो, नाहीतर शेकडो 'चुका' दाखवून घाबरवतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामांना आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलेले आहे. पीसी स्लो झाला की लोक याच साधनांकडे धावतात. टेम्पररी फाइली काढण्याची सोय विंडोजमध्येच आहे आणि बाहेरचेच साधन हवे असेल, तर 'ब्लीचबिट'चा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे.

२०१७ मध्ये या दोन कुळांची सोयरीक झाली. सीक्लीनर बनवणारी लंडनची पिरिफॉर्म कंपनी जुलैमध्ये अवास्टने विकत घेतली. ऑगस्टच्या मध्यावर सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती बाहेर पडली, तिच्यावर कंपनीची खरीखुरी डिजिटल सही होती आणि आत घुसखोरांनी पेरलेला प्रोग्राम होता. सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती बसली. पुढच्या टप्प्यातला हल्ला मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर रोखलेला होता, म्हणून बहुतेक घरे त्यातून वाचली. घुसखोरी विक्रीच्या आधीच झाली होती, तेव्हा अवास्टला सर्वस्वी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पण फारशी गरज नसलेले साधन, त्यातही फाइली पुसण्याचे अधिकार असलेले, घरात ठेवणे म्हणजे आणखी एक दार उघडे ठेवणे, हे त्या महिन्यात सिद्ध झाले.

यानंतरचा प्रसंग मला अधिक गंभीर वाटतो. अवास्टने ब्राउझरची एक्स्टेन्शन आणि अँटिव्हायरस यांतून लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात याची नोंद घेतली आणि जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत ती विकली. पत्रकारांनी जानेवारी २०२० मध्ये हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितल्यानुसार ही विक्री २०१४ ते २०२० या काळात शंभराहून अधिक कंपन्यांना झाली आणि जम्पशॉटकडे आठ पेटाबाइटांहून जास्त नोंदी साठल्या होत्या. अवास्टला १.६५ कोटी डॉलर भरावे लागले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यावर बंदी आली. नावे काढून टाकली होती, असा कंपनीचा बचाव होता. पण प्रत्येक ब्राउझरला कायमचा क्रमांक दिलेला असला, की त्या वाटेने माणूस शोधता येतो. लोकांनी अटी मान्य केल्याच होत्या, हा दुसरा युक्तिवादही मला पटत नाही. व्हायरसपासून राखण करतो असे सांगून घरात शिरलेल्याला घरच्यांच्या येण्याजाण्याची वही ठेवायची परवानगी कुणीही समजून-उमजून दिलेली नव्हती. बाधित फाइल हा आजाराचा नमुना आहे. मी रात्री कोणती वैद्यकीय माहिती शोधली, हा आजाराचा नमुना नाही आणि त्यातून कुठलाही उतारा बनत नाही.

मग पैसे देऊनच घ्यावे, असे कुणी सुचवेल. पण विकतची साधनेही नमुने नेतात, आणि पावती हातात आहे म्हणून त्यांनी आणखी काय नेले हे कळत नाही. सोर्स कोड खुला असलेले क्लॅमएव्ही हेही एक उत्तर आहे. पोलंडच्या तोमाश कोइम यांनी सुरू केलेले हे साधन मेल सर्व्हरवर उत्तम काम करते. मात्र घरच्या विंडोजवर फाइल उघडताक्षणी अडवण्यासाठी ते घडवलेले नाही, आणि त्याची यादी ताजी ठेवणारी माणसे आज सिस्को या कंपनीच्या पगारावर आहेत. विंडोजपुरता प्रश्न बऱ्याच अंशी मायक्रोसॉफ्टने सोडवला, तोही उपद्रव अंगावर आल्यावर. २००३ च्या ब्लास्टर या वर्मने हाहाकार केल्यानंतर कंपनीने २००४ मध्ये जायंट ही कंपनी विकत घेतली, तिच्या साधनाचे डिफेंडर केले, २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच बसवला. प्रतिस्पर्ध्यांनी मक्तेदारीची तक्रार केली, ती निराधार नाही. पण या निर्मात्याला अँटिव्हायरसवर पोट भरायचे नाही. विंडोज बदनाम होऊ नये, हा त्याचा स्वार्थ आणि ग्राहकाचे हित इथे एकाच बाजूला आहेत. डिफेंडरही संशयास्पद फाइली नेतो, फक्त ती सोय सेटिंगमध्ये नावानिशी दिसते आणि बंद करता येते. विंडोजमधून वापराबद्दलची जी इतर माहिती जाते, तिच्याकडे मात्र याच कडक नजरेने पाहिले पाहिजे.

घरच्या विंडोज संगणकाला माझ्या मते आज डिफेंडर पुरेसा आहे, अपडेट थांबवले नाहीत तर. तरीही दुसरे साधन घ्यायचे असेल, तर इन्स्टॉल करण्याआधी त्याच्या प्रायव्हसी पॉलिसीत एवढे शोधा : संशयास्पद फाइलींखेरीज ब्राउझिंगची नोंद नेली जाते का, आणि ती तिसऱ्या कुणाला दिली जाते का. नेली जात असेल किंवा उत्तर स्पष्ट नसेल, तर ते साधन फुकट मिळाले तरी घेऊ नका.