नाणेघाटाचे राखणदार

पहाटे वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायचा, मग जीवधन आणि उतरत्या उन्हात चावंड. मित्रांसोबत हे गड एका दिवसात चाललो की त्यांचं मूळ काम उमगतं: कोकणातली बंदरं आणि जुन्नरची पेठ यांच्यामधली वाट राखणं. सुमारे २००० वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात ही वाट कातळातून काढली गेली. माथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गायी-घोड्यांची नोंद आहे. बाहेरच्या दगडी रांजणात जकात पडे, असं सांगतात. १८१८च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर इंग्रजांनी सुरुंग लावून जीवधन आणि चावंडच्या पायऱ्या उडवल्या. त्या तुटक्या कड्यावर खोबणी चाचपत चढताना पटतं, की हा मुलूख तलवारीइतकाच व्यापारानं घडवला. शाळांनी मुलांना इथे चालवत आणावं.