मनाच्या तपासनिसाची सनद



आपल्या सोलापुराकडे एखादा चमत्कारिक वागू लागला, की लोक थट्टेने म्हणतात, "ह्याला येरवड्याला धाडा!" थट्टा जुनी खरी, पण तिच्यामागे इतिहास आहे. १९१२ च्या 'लूनसी अ‍ॅक्ट'प्रमाणे वेडसर ठरलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने वेड्यांच्या इस्पितळात धाडता येई. त्याच साली मुंबई इलाख्यात कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. औषध देणाऱ्याला सनद लागू झाली. पण रोग्याशी बोलून, चाचण्या घेऊन मनाची तपासणी करणारा जो मानसशास्त्रज्ञ, त्याची नोंद कोठेच नव्हती.

तुम्ही म्हणाल, नुसते बोलायला सनद कशाला हवी? गुरुजी, तुमच्याच वर्गातला एखादा मुलगा घ्या. त्याला वाचता येत नाही. अर्धवट शिकलेल्या कोणी त्याची बुद्धिचाचणी घेतली आणि कागदावर 'मतिमंद' असा शेरा मारला. पोराला खरे तर कमी ऐकू येत होते! पण शेरा बसला तो बसला. शाळा सुटली, पोर गुरांमागे गेले. आपल्या विणकरांना हे सांगायला नको. नवखा पोरगा आधी जाणत्याच्या नजरेखाली मागावर बसतो, कारण चुकलेला धागा वेळीच दिसावा लागतो.

अशी नजरेखालची शिकवण १९५५ साली बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत सुरू झाली. कायदा मात्र फार उशिरा आला. १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञाचे नाव केंद्रीय नोंदवहीत असणे जरूर ठरले. नोंदणीवाचून धंदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. रोग्याने येरवड्याला जाण्याऐवजी उपचारानेच जिल्ह्यात यावे, हा त्याचा हेतू.

तरी ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतील एरवाडीला आग लागली. साखळदंडाने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण त्यात जळून मेले. देखरेख नसली म्हणजे काय होते, ते देशाने त्या दिवशी पाहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बंद केली. मानसशास्त्रज्ञाच्या शिक्षणात देखरेखीखालचा अनुभव धरला. राज्याच्या प्राधिकरणाने अशांची नोंद करून यादी प्रसिद्ध करावी, असे ठरवले. २०२१ च्या आणखी एका कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतले.

तेव्हा मंडळी, जत्रेतल्या वैदूला आपण गुण विचारतो, तसे ह्या पाटीवाल्यालाही विचारा : "आपला नोंदणी क्रमांक काय? शिकलात कोणाच्या हाताखाली?" यात त्याचा अपमान नाही. जो खरा शिकलेला आहे, तो आनंदाने कागद पुढे करील. आणि जो रागावेल, त्याच्या हाती आपले पोर देऊ नका.