‘आप जैसा कोई’ : एका ध्वनिमुद्रित गीताची घडण आणि स्वीकार

तौलनिक साहित्याभ्यासात चित्रपटगीताचा विचार होतो तेव्हा तो बहुधा गीताच्या छापील संहितेचा असतो. शब्द उतरवून घेतले जातात, छंद पाहिला जातो, उर्दू, ब्रज किंवा लोकगीतांच्या परंपरेशी नाते जुळवले जाते. चाल ही संगीतशास्त्राची बाब म्हणून बाजूला राहते आणि ध्वनिमुद्रण तर केवळ तंत्रज्ञांचे क्षेत्र मानले जाते. पुष्कळ गीतांच्या बाबतीत या पद्धतीने फारसे बिघडत नाही. फिरोज खान दिग्दर्शित ‘कुर्बानी’ (१९८०) या हिंदी चित्रपटातील ‘आप जैसा कोई’ हे गीत मात्र या पद्धतीच्या हाती लागत नाही. कागदावर उतरवले तर ते चारचौघांसारखे गीत दिसते. ऐकणाऱ्यांना मात्र १९८० मध्ये ते सर्वस्वी नवे वाटले आणि भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांतील लोकप्रिय संगीताच्या इतिहासात ते एक वळण ठरले. हे नवेपण नेमके कोठे होते, आणि ते इतक्या सहजपणे का स्वीकारले गेले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम निर्मितीची हकीकत पाहू. ‘कुर्बानी’चे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. त्यात हे एकच गीत बाहेरून आले. ते बांधले बिड्डू यांनी. बिड्डू मूळचे बंगळूरचे, कोडगू वंशाचे. तेथील एका बीट गटात गायल्यानंतर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते इंग्लंडला गेले. १९७४ मध्ये कार्ल डग्लस या जमैकात जन्मलेल्या गायकाकडून त्यांनी गाऊन घेतलेले ‘कुंग फू फायटिंग’ ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७६ मध्ये टीना चार्ल्स यांच्या आवाजातील ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये तसेच अग्रस्थानी गेले. म्हणजे डिस्को नावाचा संगीतप्रकार बिड्डूंनी दुरून पाहून उचलला नव्हता. त्याच्या ब्रिटिश शाखेच्या आरंभकर्त्यांत त्यांची गणना करावी लागते. फिरोज खान यांचाही जन्म बंगळूरचाच. लंडनमध्ये त्यांची गाठ नाझिया हसन या मुलीशी पडली आणि त्यांनी तिला बिड्डूंकडे नेले. नाझिया ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत जन्मलेली. सोहेल राणा यांच्या दूरचित्रवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमात ती गायलेली होती, आणि ‘कुर्बानी’ प्रदर्शित झाला तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती.

गीत लंडनमध्ये मुद्रित झाले. हा तपशील केवळ भौगोलिक नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्या काळापर्यंत वाद्यवृंद आणि गायक यांचे मुद्रण एकाच वेळी करण्याची रीत रुळलेली होती. ताडदेवच्या ‘फिल्म सेंटर’मध्ये किंवा महालक्ष्मीच्या ‘फेमस’मध्ये पन्नास-साठ वादक आपापल्या जागी बसत, गायिका वेगळ्या कक्षात उभी राहत असे, आणि कोणा एकाचा स्वर चुकला तर सर्वांनी पुन्हा आरंभापासून सुरुवात करायची. ही पद्धत खर्चिक होती, पण तिच्यातून येणारा नाद एका समूहाचा, एका क्षणाचा असे. डिस्कोची घडण याच्या उलट टोकाची. आधी ठेका आणि खर्जातील गिटार, मग त्यावर इतर वाद्ये, आणि सर्वांत शेवटी आवाज, असे थर स्वतंत्रपणे चढवले जातात. गायिकेने वादकांना पाहिलेलेही नसते. ‘आप जैसा कोई’ लक्षपूर्वक ऐकले तर नाझियाच्या आवाजावर तिचाच आवाज चढवलेला ऐकू येतो. एकच मुलगी स्वतःच्या किंचित मागे-पुढे गाते आहे, असा भास त्यातून निर्माण होतो. प्रत्यक्ष मैफलीत असा आवाज संभवतच नाही. तो फक्त तबकडीवर अस्तित्वात असतो.

ठेक्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. हिंदी चित्रपटगीताचा सर्वसामान्य ताल केरवा. त्याच्या आठ मात्रांत भरी आणि खाली यांचा तोल असतो आणि शब्दांचे वजन त्या तोलावर बसवले जाते. डिस्कोत चारही मात्रांवर ढोलाचा सारखाच ठोका पडतो. तेथे खाली नसते. म्हणून शब्दांना विसाव्याची जागा तालात मिळत नाही, ती चालीत शोधावी लागते. बिड्डूंनी ध्रुपद लहान तुकड्यांत तोडून तुकड्यांच्या मध्ये वाद्यांना बोलू दिले आहे, ते या अडचणीवरचे उत्तर असावे असे मला वाटते. याच चित्रपटातील ‘लैला ओ लैला’ हे कांचन आणि अमित कुमार यांनी गायिलेले दुसरे क्लबगीत शेजारी ठेवून ऐकावे. तेही झगमगाटाचे, तेही नाचाचे. पण त्याचा वाद्यमेळ मुंबईचा आहे आणि त्याला त्या शहराचा उल्हास आहे. एका चित्रपटात दोन निर्मितिसंस्कृती इतक्या जवळ बसलेल्या क्वचित आढळतात.

आता शब्दांकडे वळू. गीतकार म्हणून नाव आहे ते इंदीवर यांचे. गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेल्या ‘सरस्वतीचंद्र’ (१९६८) या चित्रपटाची संस्कृतप्रचुर गीते लिहिणारे ते हेच. त्यांच्यापुढे आलेली चाल परकी असली तरी त्यांनी तिच्यात भरलेली सामग्री मात्र जुनीच आहे. फुलाला वसंत हवा आणि वसंताला बाग, हा प्रतिमाक्रम उर्दू कवितेत इतका वापरला गेला आहे की तो कोणा एकाचा म्हणता येत नाही. त्याच दमात मनाबरोबर शरीराच्या मागणीचाही उच्चार होतो. पुढे, आपण देवदूत नसून माणूस आहोत, पाऊल घसरण्याची भीती वाटते, अशी कबुली येते. हीही गझलेतील परिचित भूमिका आहे. पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ती आली की मात्र तिचा अर्थ पालटतो. अनुभवी पापभीरूची ती कबुली उरत नाही. अजून न घडलेल्या गोष्टीविषयीचे ते कुतूहल होते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट ध्रुपदाच्या व्याकरणात आहे. ‘आप’ हे आदरार्थी संबोधन महफिलीच्या आणि मुस्लिम सामाजिक चित्रपटांच्या अदबीतून येते. नाचघरात ते अनपेक्षित आहे. शिवाय गायिका ‘आप’ला थेट काही मागतच नाही. ‘आपल्यासारखे कोणी’ आयुष्यात आले तर जमून जाईल, असे ती सशर्त वाक्यात, तिसऱ्याच कोणाविषयी बोलल्यासारखे सांगते. समोर उभा असलेला माणूस आणि हवा असलेला माणूस यांच्यात ‘जैसा’ हा एक शब्द पडदा धरतो. त्याचे पुल्लिंगही पाहण्यासारखे आहे. गझलेत प्रियव्यक्तीचा निर्देश व्याकरणाने पुल्लिंगी असतो, मग बोलणारा कोणी का असेना. येथे गाणारी स्त्री असल्याने तो संकेत आणि वास्तव एकमेकांवर बसतात. मराठीत हे उतरवू पाहिले तर पेच पडतो. आपल्या भावगीतातला प्रेमसंवाद बहुतांशी ‘तू’चा; ‘तुम्ही’ म्हटले की नवरा-बायकोचे किंवा लावणीचे सूर मिसळतात, आणि ‘आपण’ म्हटले तर पत्रव्यवहाराची कळा येते. अनुवादाच्या वर्गात हा नमुना जरूर घ्यावा.

म्हणजे नाद पूर्णतः नवा आणि शब्द पूर्णतः ओळखीचे. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज एका बाजूने मोडले गेले आणि दुसऱ्या बाजूने राखले गेले. या गीताला ‘पाश्चात्त्य अनुकरण’ म्हणून निकालात काढणाऱ्यांचे लक्ष केवळ पहिल्या बाजूकडे असते. शिवाय ज्याला ते ‘पश्चिम’ म्हणतात तो येथे बंगळूरहून लंडनला गेलेला संगीतकार आणि कराचीहून लंडनला आलेली शाळकरी मुलगी यांच्या मिळून बनलेला आहे.

तरीही खरा आघात झाला तो आवाजामुळे. १९५० पासूनच्या तीन दशकांत हिंदी चित्रपटातील नायिकेचा आवाज कसा असावा याचा आदर्श लता मंगेशकर यांनी घालून दिला होता: उंच, निर्मळ, सुरावर नेमका ठेवलेला. आशा भोसले यांनी त्याच्या कडेने एक समांतर प्रदेश उभा केला आणि क्लबगीत हे मुख्यतः त्यांचेच क्षेत्र झाले. नाझियाचा आवाज या दोहोंत बसत नव्हता. तो मध्यम पट्टीत राहतो, थोडा अनुनासिक आहे, हरकती घेत नाही, भावना रंगवत नाही. पार्श्वगायनाच्या संकेतातील एक उलटापालटही येथे घडली. पन्नाशीतल्या लताबाईंनी विशीतल्या नायिकांसाठी गाणे श्रोत्यांच्या अंगवळणी पडले होते. येथे अठ्ठावीस वर्षांच्या झीनत अमान पडद्यावर होत्या आणि आवाज पंधरा वर्षांच्या मुलीचा होता. शरीर आणि आवाज यांच्यातील हे अंतर लपवण्याचा प्रयत्न चित्रपटात फारसा दिसत नाही.

या आवाजाला १९८१ मध्ये फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार मिळाला. ही घटना एकाकी म्हणून सांगितली जाते, पण तिच्या आगेमागे पाहिले पाहिजे. लता मंगेशकर यांनी १९७० नंतर आणि आशा भोसले यांनी १९७९ नंतर आपला विचार या पुरस्कारासाठी करू नये असे कळवले होते. त्यानंतरची नावे क्रमाने अशी: १९८० मध्ये ‘मीरा’साठी वाणी जयराम, १९८१ मध्ये नाझिया हसन, १९८२ मध्ये ‘कुदरत’साठी परवीन सुलताना, १९८३ मध्ये ‘निकाह’साठी सलमा आगा. दोन शास्त्रीय तालमीच्या गायिका आणि कराचीत जन्मलेल्या दोघी. दोन्ही बहिणींनी रिकाम्या केलेल्या जागेत रसिकता कोणकोणत्या दिशांना चाचपडत होती, ते या यादीवरून दिसते. नाझियाचे यश हे तिच्या गुणांचे होते यात शंका नाही, परंतु ते ऐकले जाण्यासाठी एक अवकाश आधी तयार झाला होता.

सीमेपलीकडील स्वीकाराचा इतिहास वेगळा आहे. १९६५ च्या युद्धापासून भारतीय चित्रपटांना पाकिस्तानी चित्रपटगृहांत बंदी होती. त्यामुळे तेथे ‘आप जैसा कोई’ पोहोचले ते मुख्यतः ध्वनिफितींवरून, आणि चोरट्या व्हिडिओफितींवरून. ज्यांनी ते केवळ फितीवर ऐकले त्यांच्या लेखी ते झीनत अमान यांचे गाणे नव्हतेच. ते कराचीच्या मुलीचे गाणे होते. चित्रपटाने दिलेले शरीर गळून पडले आणि आवाज आपल्या मालकिणीकडे परत गेला. १९८१ मध्ये नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांनी बिड्डूंबरोबर ‘डिस्को दीवाने’ हा संग्रह काढला, त्याला कोणत्याही चित्रपटाची पार्श्वभूमी नव्हती. वेष्टनावर गाणाऱ्यांचेच चेहरे होते. १९७७ पासून झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत स्त्रियांच्या सार्वजनिक वावरावर बंधने वाढत असतानाच्या काळात ही तबकडी घराघरांत वाजली, हे विसरता येत नाही.

मराठी अभ्यासकाला येथे एक जुनी आठवण होणे स्वाभाविक आहे. चित्रपटाशिवाय तबकडीवर जन्मलेले गीत आपल्याकडे नवे नाही. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गायिली आणि १९३० च्या दशकात ती ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने महाराष्ट्रभर पसरली. तेथे मात्र कविता आधी होती आणि तबकडी तिच्या मागून आली. कवीचे नाव गायकाच्या नावाइतकेच लोकांच्या तोंडी राहिले. ‘आप जैसा कोई’च्या बाबतीत इंदीवर यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक होते, असा प्रश्न विचारावासा वाटतो. लिहिणाऱ्याच्या नावाचा असा लोप हा या नव्या निर्मितिपद्धतीचा परिणाम आहे. आमच्या गीतचर्चेने त्याची दखल घेतलेली नाही.

बिड्डूंनी १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्यासाठी ‘मेड इन इंडिया’ केले आणि तेच शीर्षक पुढे आपल्या आत्मचरित्रालाही दिले. नाझियाने कायद्याची पदवी घेतली, काही काळ संयुक्त राष्ट्रसंघात काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे लंडनमध्ये निधन झाले. पाकिस्तान शासनाने २००२ मध्ये तिला मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान दिला. मूळ गीत मात्र थांबले नाही. २०२२ मध्ये ‘ॲन ॲक्शन हीरो’ या हिंदी चित्रपटासाठी तनिष्क बागची यांनी ते पुन्हा बांधले. एके काळी ज्यामुळे ते नवे ठरले होते तो सारा नाद काढून टाकण्यात आला, ठेका बदलला, वाद्ये बदलली, आवाज बदलला. ध्रुपदाचे शब्द तेवढे ठेवले.