हिरवी तिकिटं आणि वाण्याचं बिल

पॉइंट, कॅशबॅक, स्क्रॅच कार्ड ही भानगड मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. ब्रिटनमध्ये तर याचा एक अख्खा इतिहास घडून गेलाय. आपल्या पेठेतल्या दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी, दोघांनीही वाचावा असा आहे, म्हणून लिहितोय.

१९५८ साली रिचर्ड टॉम्पकिन्स या गृहस्थाने तिथे ‘ग्रीन शील्ड’ तिकिटांचा धंदा काढला. कल्पना अमेरिकेतली. तिथे स्पेरी अँड हचिन्सन कंपनी १८९६ पासून हेच करत होती. पद्धत अशी, की दुकानदाराने कंपनीकडून तिकिटं विकत घ्यायची आणि दर सहा पेन्सच्या खरेदीला गिऱ्हाइकाच्या हातावर एक ठेवायचं. ते घरी नेऊन, ओलं करून वहीत चिकटवायचं. एका वहीत १२८० तिकिटं, म्हणजे ३२ पौंडांची खरेदी झाली की एक वही भरणार. अशा वह्या साठवायच्या आणि कंपनीच्या कॅटलॉगातली एखादी वस्तू ‘फुकट’ आणायची.

आता हिशोब मांडा. तिकिटं छापायची, वह्या छापायच्या, रंगीत कॅटलॉग काढायचा, गोदामं भाड्याने घ्यायची, वस्तू द्यायला गावोगाव केंद्रं उघडायची, तिथे माणसं बसवायची आणि वर कंपनीचा नफा. हा सगळा पैसा येणार कुठून? साखर-चहाच्या बिलातूनच की! ज्या बाईच्या घरी किटली आली, तिनेही तो भरला. जिने तिकिटं फडताळात तशीच विसरून ठेवली, तिनेही भरला. तिला किटलीसुद्धा नाही.

मग शहाणेसुरते व्यापारी यात पडले कशाला? याला कारण होतं. तेव्हा तिथे बऱ्याच मालाची विक्रीची किंमत उत्पादकच ठरवून द्यायचा आणि दुकानदाराला त्याखाली विकायची सोय नव्हती. उघड सवलत देता येईना, म्हणून ही आडवाट. १९६३ मध्ये ‘फाइन फेअर’ दुकानांनी गुलाबी तिकिटं आणली, तशी टेस्कोच्या जॅक कोहेन यांनी हिरवी धरली. सेन्सबरी घराण्याचा मात्र या प्रकाराला कडवा विरोध होता.

१९६४ मध्ये कायदा आला आणि बहुतेक मालावरचं हे किमतीचं बंधन सुटलं. म्हणजे आडवाटेची गरज संपली होती. पण तिकिटं गेली नाहीत, उलट दुकानादुकानांत दुप्पट, तिप्पट, चौपट तिकिटांची चढाओढ लागली. शेजारचा देतो म्हणून मी देतो. (आपल्याकडे छापील किमतीच्या खाली विकायला कोणी अडवत नाही. तरी ‘हजाराच्या खरेदीवर कूपन, कूपनवर सोडत’ चालूच असतं. वर्तमानपत्रंही यात मागे नाहीत. साठ कूपनं कापा, तक्त्यावर चिकटवा, बादली न्या! वाचकाला बातमी हवी की बादली, हे कोणी विचारत नाही.)

पुढे महागाई भडकली. १९७५ मध्ये ब्रिटनमधला महागाईचा दर २४ टक्क्यांवर गेला होता. अशा वेळी गृहिणीला तिकीट नको होतं, डबा चार पैसे स्वस्त हवा होता. टेस्कोतल्या इयन मॅक्लॉरिन यांनी हे ओळखलं. म्हाताऱ्या कोहेनना ते पटलं नाही, पण जून १९७७ मध्ये तिकिटं बंद झाली. राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या सुट्टीत दुकानं बंद ठेवून सगळे भाव बदलले आणि तिकिटांवर जाणारा पैसा सरळ किमती उतरवण्यात घातला. गर्दी इतकी उसळली की माल पुरवताना कंपनीचीच दमछाक झाली. बाजारातला टेस्कोचा वाटा वर्षभरात साधारण ८ टक्क्यांवरून १२ वर गेला. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेल्यावर ग्रीन शील्डचं कंबरडं मोडलं. टॉम्पकिन्स यांनी १९७३ मध्येच आपली वस्तू देण्याची केंद्रं रोख विक्रीच्या ‘अर्गोस’ दुकानांत बदलायला घेतली होती, ती मात्र चांगली चालली. तिकीट काढून टाकलं तरी कॅटलॉग खपतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असणार?

आणि याच टेस्कोने १९९५ मध्ये ‘क्लबकार्ड’ काढलं. पुन्हा पॉइंट! फरक एवढाच, की या वेळी चिकटवायचं काही नव्हतं आणि गिऱ्हाईक काय, कधी, किती घेतं याची बित्तंबातमी दुकानाला मिळत होती. डेव्हिड सेन्सबरी यांनी तेव्हा ‘ही तर विजेवर चालणारी ग्रीन शील्ड तिकिटं’ अशा अर्थाची टर उडवली होती. पुढच्याच वर्षी सेन्सबरीचंही कार्ड बाजारात आलं.