बाड पुढे पाठवा

1935 साली ब्रिटनमधल्या ‘नर्सरी वर्ल्ड’ या बालसंगोपनाच्या नियतकालिकात एका तरुण आईचं पत्र छापून आलं. खाली खरं नाव नव्हतं, ‘युबिक्वी’ अशी लॅटिन सही होती. जवळपास शेजार नाही, रेडिओ घ्यायची ऐपत नाही, वाचनाची ओढ आहे पण ग्रंथालय नाही, असं तिने लिहिलं होतं. काहीच खर्च न होता मन गुंतेल असं काही एखादी आई सुचवेल का, हा तिचा प्रश्न. उत्तरं आली. सल्ला द्यायला बसलेल्या बायकांना लिहिता लिहिता जाणवलं, की आपलीही गत तीच आहे. मग त्यांनी मिळून एक खासगी नियतकालिक काढलं. ‘कोऑपरेटिव्ह करस्पॉन्डन्स क्लब’ हे मंडळाचं नाव. ते 1990 पर्यंत चाललं.

आज पाच-सात आया ऑनलाइन जमतात, आठवड्याला एखादं पान लिहून एकमेकींना पाठवतात, मूल उठलं की मध्येच निघून जातात आणि रात्री पुन्हा हजर होतात. अशा गटांकडे ‘मोबाइलमुळे आलेलं नवं खूळ’ म्हणून पाहिलं जातं, ते मला मान्य नाही. त्यांचं कूळ जुनं आहे, आणि मी ते या क्लबपासून धरते.

कारण रीत तीच होती. या नियतकालिकाची प्रत एकच असे. प्रत्येक सभासद टोपणनावाने लेख लिहून संपादिकेकडे धाडायची. संपादिकेचं टोपणनाव ‘अॅड अॅस्ट्रा’. सगळे कागद एकत्र करून ती त्यांना हाताने भरतकाम केलेलं कापडी वेष्टण घालायची आणि सोबत सभासदांची यादी जोडून ते बाड टपालात टाकायची. पहिलीने वाचायचं, समासात आपलं म्हणणं लिहायचं आणि यादीतल्या पुढच्या बाईकडे रवाना करायचं. तिने लेख वाचायचा, पहिलीचा शेराही वाचायचा आणि त्याच्याखाली आपला लिहायचा. असं महिन्याला दोनदा. आपण लिहिलेलं फिरून परत येताना कडेने सगळ्यांच्या अक्षरांनी भरून येणार, ही खात्री प्रत्येकीला होती. भिशीत जसा प्रत्येकीचा नंबर लागतोच, तसं इथे प्रत्येकीला वाचलं जायचंच.

अटी दोनच महत्त्वाच्या: सभासद आई असली पाहिजे, आणि संख्या साधारण 24 च्या वर जाता कामा नये. दुसऱ्या अटीत मोठं शहाणपण होतं असं मला वाटतं. बाड जितक्या घरी थांबेल तितकं ते शिळं होणार. शिवाय परक्या गर्दीसमोर माणूस बाळंतपणाबद्दल, नवऱ्याशी तुटलेल्या संवादाबद्दल, स्वतःच्या मुलाच्या आलेल्या कंटाळ्याबद्दल लिहीत नाही. या बायकांनी ते सगळं लिहिलं. ‘कॉटन गुड्स’ नाव घेतलेली कामगारवर्गातली सभासद आणि शिकल्यासवरलेल्या मध्यमवर्गीय बायका एकाच वेष्टणात आल्या. महायुद्ध आलं, तेव्हाही बाड फिरत राहिलं.

मुळात एवढी भूक आली कुठून? त्या काळी ब्रिटनमध्ये शिक्षिका किंवा सरकारी कारकून असलेल्या बाईला लग्न झालं की बहुधा नोकरी सोडावी लागे. शिक्षिकांवरचा हा निर्बंध 1944 च्या शिक्षण कायद्याने गेला, सरकारी नोकरीतला 1946 साली. म्हणजे शिकवून सवरून तयार केलेल्या बायकांची एक अख्खी पिढी घरात बसवली गेली होती. क्लबमधल्या अनेकींच्या लिहिण्यातली धग तिथली आहे.

हस्तलिखित नियतकालिक टपालाने फिरवायची कल्पना त्याहून जुनी. कादंबरीकार शार्लट यंग यांच्याभोवती 1859 च्या सुमारास मुलींचं एक मंडळ जमलं होतं. त्या स्वतःला ‘गॉसलिंग्ज’, म्हणजे हंसाची पिल्लं, म्हणवत आणि यंगबाई त्यांच्या ‘मदर गूज’. पिल्लांनी लिहायचं, हंसिणीने तपासायचं. 1935 च्या आयांनी ही गुरूची जागाच काढून टाकली. त्यांच्यात संपादिका होती, परीक्षक नव्हती. आजच्या गटांना मिळालेला वारसा हाच.

क्लब सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी, 1929 साली, व्हर्जिनिया वुल्फ यांनी लिहिणाऱ्या बाईसाठी वर्षाला 500 पौंड आणि स्वतःची खोली मागितली होती. त्या मागणीबद्दल मला आदर आहे. पण दीड वर्षाच्या मुलाच्या आईला खोली मिळाली तरी दाराला कडी घालता येत नाही. तिला खंड पडूनही टिकेल अशी व्यवस्था लागते. आणि त्याहून जास्त, आपल्या पानाची वाट पाहणारं कुणीतरी लागतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांमध्ये मला हेच दिसतं.

त्यातला सर्वांत सुंदर प्रयोग टेलिफोनवरचा. 1957 साली बॉस्टनमध्ये प्रौढांसाठी भरणाऱ्या जॉन होम्स यांच्या कवितेच्या वर्गात दोन गृहिणी भेटल्या: मॅक्सीन क्युमिन, तीन मुलांची आई, आणि अ‍ॅन सेक्स्टन, दोन मुलींची. सेक्स्टन मानसिक आजारातून जात होत्या आणि डॉक्टरांच्या सुचवण्यावरून लिहू लागल्या होत्या. दोघी न्यूटनमध्येच राहत. मग त्यांनी फोन लावायचा आणि तासन् तास तसाच चालू ठेवायचा, असा क्रम धरला. कवितेच्या ओळी वाचून दाखवायच्या, मध्येच रस्सा ढवळायला किंवा कपडे धुवायला टाकायला जायचं आणि परत आलं की रिसीव्हरमध्ये शीळ घालून दुसरीला बोलवायचं. पुढे त्यासाठी घरात वेगळी लाइनही घेतली गेली. इथे व्यत्यय चोरून सोसावा लागत नाही, तो कामाच्या पद्धतीतच धरलेला आहे. सेक्स्टनना 1967 साली आणि क्युमिनना 1973 साली पुलित्झर मिळालं.

दोघी 1961 साली रॅडक्लिफ कॉलेजच्या नव्या संस्थेत पहिल्याच तुकडीत गेल्या. ही संस्था मेरी बंटिंग यांनी उभी केली. त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, कॉलेजच्या अध्यक्ष, पतीच्या निधनानंतर चार मुलांना वाढवणाऱ्या. संसारात अडकून काम सुटलेल्या बायकांना त्यांनी जागा, सोबत आणि 3,000 डॉलरपर्यंतचं मानधन दिलं. ते मूल सांभाळणाऱ्या बाईच्या पगारावर खर्च करायलाही मुभा होती. पुढच्या वर्षी टिली ओल्सन आल्या, चार मुलींच्या आई, अनेक वर्षं मोलमजुरी आणि टंकलेखन करून लिहिणं बाजूला पडलेल्या. 1963 साली तिथल्याच मैत्रिणींसमोर त्या लेखकांच्या गप्प होण्याविषयी बोलल्या. आईपण म्हणजे कुठल्याही क्षणी हाक येण्याची तयारी, आणि त्यात कितीतरी लिखाण जन्मायच्या आधीच मरतं, असा त्यांचा रोख होता. त्या भाषणातून पुढे 1978 चं ‘सायलेन्सेस’ हे पुस्तक झालं. ओळखीच्या चेहऱ्यांसमोर हे आधी बोलायला मिळालं नसतं, तर ते पुस्तक झालं असतं की नाही याची मला शंका आहे.

टोनी मॉरिसन यांचंही तसंच. हॉवर्ड विद्यापीठात शिकवताना त्या एका छोट्या लेखनगटात जात. दर वेळी काहीतरी वाचायला न्यावं लागे. जुनं लिखाण संपलं, म्हणून त्यांनी निळे डोळे हवे असणाऱ्या एका मुलीची छोटी गोष्ट लिहिली. पुढे घटस्फोटानंतर दोन मुलगे सांभाळत, नोकरी करत, मुलं झोपलेल्या वेळात त्यांनी ती वाढवली. 1970 साली आलेली ‘द ब्लूएस्ट आय’ ती हीच.

ऑनलाइन गटांचे आजचे नियम मात्र बऱ्याच अंशी पॅट श्नायडर यांच्याकडून आलेले दिसतात. मॅसॅच्युसेट्समधल्या या कवयित्रीने 1980 च्या दशकात चिकपी गावच्या सरकारी वसाहतीतल्या गरीब बायकांसाठी लेखनवर्ग घेतले; त्यांत अनेक आया होत्या. सगळ्यांनी एकत्र, ठरावीक मिनिटं लिहायचं, शिकवणाऱ्या बाईनेही. ताज्या पानावर फक्त काय लक्षात राहिलं, काय जोरकस वाटलं एवढंच बोलायचं. जे वाचलं ते कल्पित आहे असं धरून चालायचं, म्हणजे कुणाच्या घरातलं काही उकरलं जात नाही. गटातलं गटाबाहेर न्यायचं नाही. अशा गटांना ‘एकमेकींची पाठ थोपटणारी मंडळी’ म्हणणाऱ्यांनी हे नियम नीट पाहावेत. यात कारागिरी आहे. शाळा सोडल्यापासून पेन न धरलेल्या बाईचं पहिलं पान कसं टिकवायचं, याचं हे तंत्र आहे.

मराठी बायकांचा या कुळाशी खरा धागा परदेशात जुळतो. नवऱ्याच्या नोकरीमागे एच-4 व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअर, शिक्षिका, बँकेत काम केलेल्या बायकांना 2015 पर्यंत तिथे नोकरी करायची परवानगीच नव्हती; त्यानंतरही ती काहींनाच मिळाली. माहेर सात समुद्रांपलीकडे, घरात तान्हं मूल, हाताशी पदवी आणि बाहेर बर्फ. 1935 च्या ब्रिटिश आयांची कोंडी साठ-सत्तर वर्षांनी वेगळ्या कायद्याने तयार झाली. 1996 साली सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या संकेतस्थळांवर मराठीत लिहायची सोय झाली, आणि पुढे अशा मोठ्या चावडीवर ओळख होऊन चार-सहा जणींनी वेगळं, आडोशाला बसावं हे स्वाभाविकच होतं. 2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा कॅमेरा चालू ठेवून, आवाज बंद करून एकत्र लिहायची सवय जगभर पसरली. सेक्स्टन आणि क्युमिन यांची उघडी लाइनच ती, फक्त शीळ घालायची गरज उरली नाही.

या वाटचालीत एक गोष्ट मात्र गळून पडली. वाचक मिळाला, वेळापत्रक मिळालं, टोपणनाव मिळालं. पण मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार देणारी बंटिंगबाईंच्या संस्थेसारखी संस्था पुन्हा फारशी कुठे उभी राहिली नाही. मानधन देणाऱ्या मराठी संस्थांनी पुस्तकाइतकाच याचाही विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि दुसरी चिंता कागदांची. क्लबची बाडं आज ससेक्स विद्यापीठातल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ संग्रहात आहेत. जेना बेली या संशोधिकेला ती तिथे सापडली, तिने हयात सभासदांना गाठलं आणि 2007 साली त्यावर पुस्तक काढलं. बायकांनी ते कागद जपून संग्रहाकडे दिले म्हणून हे शक्य झालं. आजच्या गटांचं लिखाण फोन बदलला की जातं. ज्या गटाची तयारी असेल त्याने वर्षातून एकदा सगळी पानं छापून घ्यावीत, शेऱ्यांसकट, आणि ती कधी, कुणाला वाचू द्यायची हे आत्ताच एकमेकींत ठरवून ठेवावं.